एक रूळ, दोन वाटा आणि एकच पाऊस

या वेळच्या टपालात कोकण रेल्वेविषयीची पत्रे अधिक आहेत. त्यांतील निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत, कारण विचारणाऱ्यांची गावे वेगळी असली तरी मूळ शंका एकच आहे: ज्या प्रदेशात रेल्वेचे जाळे दाट नसून जेमतेम एखादी रेघ आहे, तिथे ती रेघ तुटण्याचा धोका मोजायचा कसा?

प्रश्न (चिपळूण): मी निवृत्त शिक्षिका आहे. कोकण रेल्वे पावसाळ्यात बंद पडली की वर्तमानपत्रे ‘हा मार्ग असुरक्षित आहे’ असे लिहितात. असुरक्षित म्हणजे अपघाताची भीती, की नुसतेच बंद पडणे? दोन्हींना एकच शब्द कसा चालेल?

उत्तर: बाई, आपली हरकत रास्त आहे, आणि हा घोळ केवळ वर्तमानपत्रांचा नाही. अपघात होण्याची शक्यता ही एक गोष्ट. काही कारणाने मार्ग तुटला तर प्रवास आणि मालवाहतूक किती कोलमडेल, ही दुसरी. दुसरीला अभ्यासक ‘व्हल्नरेबिलिटी’ म्हणतात. मराठीत तिला ‘असुरक्षितता’ म्हटले की मनात अपघातच येतो, म्हणून इथे मी ‘नाजूकपणा’ हा साधा शब्द वापरतो.

या दोन गोष्टी कधी कधी परस्परांच्या विरुद्ध दिशेने जातात, हे कोकण रेल्वेच्या इतिहासातच दिसते. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीमुळे गाडी घसरली आणि पन्नासच्या वर माणसे गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. त्यानंतर कापलेल्या डोंगरउतारांवर जाळ्या बसवणे, खडकांना बोल्ट मारणे, पावसाळ्यात गस्त वाढवणे, वेग कमी ठेवणे आणि शंका येताच गाडी थांबवणे यांवर भर दिला गेला. म्हणजे माणसे वाचावीत म्हणून मार्ग बंद ठेवण्याची तयारी वाढवली गेली. गाडी स्थानकात उभी राहिली की आपण चिडतो, पण अनेकदा व्यवस्था तिच्या नियमांप्रमाणे नीट चालल्याचीच ती खूण असते.

मात्र बंद पडण्याचीही किंमत असते, आणि ती किती मोठी असू शकते हे आपल्या गावाने २२ जुलै २०२१ रोजी पाहिले. वाशिष्ठीला पूर आला, चिपळूणजवळ रेल्वे वाहतूक थांबली, आणि कोकण रेल्वेच्या निरनिराळ्या स्थानकांत मिळून सुमारे सहा हजार प्रवासी अडकून पडले. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ पासून सलग वाहता झाला, आणि त्याचा बहुतेक भाग अजूनही एकेरी आहे. अशा मार्गावर एका ठिकाणी खीळ बसली की तिचा परिणाम शेकडो किलोमीटर दूर उभ्या असलेल्या गाडीपर्यंत पोहोचतो.

प्रश्न (सांगली): मी स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. प्रकल्पासाठी मी स्थानके म्हणजे बिंदू आणि त्यांमधील रूळ म्हणजे कडा असे मानून कोकण रेल्वेचा आलेख मांडला. सर्व गणितांत मधले तुकडे सर्वाधिक नाजूक निघतात. हा निष्कर्ष मांडावा का?

उत्तर: मांडू नये; निदान तेवढ्यावर थांबू नये. तुमचे गणित चुकलेले नाही, पण ते ज्या प्रश्नाचे उत्तर देते तो प्रश्न कोकणातला कुणी विचारत नाही.

एक सोपे चित्र घेऊ. एका रेषेवर दहा स्थानके आहेत, म्हणजे मधले तुकडे नऊ. दहा स्थानकांच्या जोड्या पंचेचाळीस होतात. अगदी टोकाचा तुकडा तुटला तर एक स्थानक एकीकडे आणि नऊ दुसरीकडे, म्हणजे ९ जोड्या तुटतात. बरोबर मधला तुटला तर पाच इकडे आणि पाच तिकडे, म्हणजे २५ जोड्या तुटतात. तुमच्या आलेखाने मधल्या तुकड्यांवर बोट ठेवले ते याच कारणाने. पण यात एक गृहीत दडलेले आहे: प्रत्येक स्थानकातून प्रत्येक स्थानकाकडे सारखेच लोक जातात. आता ते बदलून पाहा. गणपतीच्या आधीचे चार दिवस आहेत आणि सगळा प्रवास मुंबईच्या टोकाशी जोडलेला आहे. आता मोजायच्या जोड्या फक्त नऊ. मुंबईलगतचा पहिलाच तुकडा तुटला तर त्या नऊच्या नऊ तुटतात, मधला तुटला तर पाच, आणि दूरच्या टोकाचा तुटला तर एकच. रूळ तेच, स्थानके तीच, पण सर्वांत नाजूक जागा मधून उचलून एका टोकाला गेली. म्हणून आलेखाच्या आधी प्रवाशांच्या ये-जा तक्त्याची, म्हणजे कुठून कुठे किती लोक जातात त्या नोंदीची, सोय करा. पूर्ण तक्ता मिळाला नाही तर प्रवाशांचा एखादा ढोबळ अंदाज घेतला तरी चालेल, पण सर्व जोड्या समान मानू नका.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. दाट जाळ्यात ‘हा दुवा तुटला तर जाळे तुटेल का?’ हा प्रश्न अर्थपूर्ण असतो, कारण काही दुव्यांचे उत्तर ‘हो’ असते आणि बहुतेकांचे ‘नाही’. विरळ जाळ्यात जवळजवळ प्रत्येक दुव्याचे उत्तर ‘हो’ हेच असते, आणि ज्या कसोटीला सगळेच सारखे उतरतात ती कसोटी काहीच वेगळे करून दाखवत नाही. तिथे खरा फरक काळाने पडतो. समजा, एका तुकड्यावरून रोज २०,००० प्रवासी जातात आणि तो आठ तासांत पुन्हा सुरू होतो. दुसऱ्यावरून १२,००० जातात, पण तो सहा दिवस बंद राहतो. पहिल्यात साडेसहा-सात हजार लोकांचा प्रवास बिघडला, दुसऱ्यात ७२,००० लोकांचा. हे आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. पण रोजच्या वर्दळीच्या क्रमाने लावलेली यादी आणि दुरुस्तीच्या दिवसांनी गुणून लावलेली यादी एकमेकींशी जुळत नाहीत, हे त्यांतून कळावे.

दुरुस्तीला किती दिवस लागतील हे नकाशावर दिसत नाही. ते जागेवर जाऊन पाहावे लागते. रुळावर दगडमाती आली आणि शेजारून रस्ता जात असेल तर पोकलेन तासाभरात पोहोचते. रस्ता नसेल तर यंत्र, माणसे आणि खडी सगळे रुळावरूनच, दोन्ही बाजूंच्या स्थानकांतून न्यावे लागते. बोगद्याची गोष्ट आणखी वेगळी. गोव्यातील पेडणे बोगद्याने मार्ग बांधतानाच मऊ मातीमुळे छळले होते. ६ ऑगस्ट २०२० च्या पहाटे त्याच्या भिंतीचा भाग ढासळला आणि गाड्या कित्येक दिवस पनवेल, पुणे, मिरज, लोंढा, मडगाव अशा फिरवाव्या लागल्या. कोविडमुळे तेव्हा मोजक्याच गाड्या धावत होत्या, म्हणून त्याचा गाजावाजा झाला नाही. तोच बोगदा जुलै २०२४ मध्ये पाणी आणि चिखल आत आल्याने बंद झाला तेव्हा मात्र नेहमीची वाहतूक सुरू होती, आणि तो खंड देशभर बातमी झाला. तिसरा प्रकार रत्नागिरीजवळच्या पानवलसारख्या ६४ मीटर उंच पुलाचा: तिथे काही होण्याची शक्यता फार थोडी, पण झाले तर प्रश्न दिवसांचा राहणार नाही.

तेव्हा प्रकल्पात तुकड्यांचे वर्ग पाडा: उघडा कापलेला डोंगर, भराव, बोगदा, मोठा पूल, शिवाय रस्त्याने पोहोचता येते की नाही. आणि एका वेळी एकच दुवा तोडून थांबू नका. का, ते पुढच्या दोन उत्तरांत येईल.

प्रश्न (दादर, मूळ गाव राजापूर): मार्ग बंद झाला की ‘गाड्या पर्यायी मार्गाने वळवल्या’ अशी घोषणा होते. मग नुकसान कमी झाले असे मानायचे का?

उत्तर: ते आपण कुठे उतरणार आहात यावर अवलंबून आहे. पनवेल, रोहा, मडगाव, लोंढा, मिरज, पुणे आणि पुन्हा पनवेल असे एक मोठे कडे तयार होते. कड्याची एक बाजू तुटली तर गाडी दुसऱ्या बाजूने जाऊ शकते. मुंबईहून मडगावला किंवा मंगळुरूला जाणारा प्रवासी उशिरा का होईना, पोहोचतो. परंतु वळवलेली गाडी खेड, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ यांपैकी एकाही स्थानकाला लागत नाही. कागदोपत्री ती गाडी ‘धावली’ या सदरात जमा होते आणि ज्यांच्या जमिनीवरून मार्ग गेला ते मात्र फलाटावर उभे राहतात. त्यामुळे नाजूकपणा मोजताना लांबचा प्रवासी आणि मधला प्रवासी यांची खाती निराळी ठेवलीच पाहिजेत. एकत्र सरासरी काढली की राजापूरचा माणूस त्या सरासरीत नाहीसा होतो.

पर्यायी वाटेची ऐपतही पाहावी लागते. मडगाव–लोंढा वाटेवरचा कॅसलरॉक ते कुळे हा घाट ३७ ला १ अशा चढाचा आहे, पुण्याच्या वाटेवरचा बोरघाटही तेवढाच. जड गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिने लागतात. त्या मार्गाची स्वतःची मालवाहतूक असते, आणि गाडी चालवणाऱ्या लोको पायलटला त्या मार्गाची ओळख असावी लागते. नकाशावर दुसरी रेघ दिसते म्हणून पहिल्या रेघेवरच्या सगळ्या गाड्या तिच्यात मावतील असे होत नाही.

आणि सर्वांत मोठी अडचण पावसाची. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पाणी भरले म्हणून मंगळुरूहून मुंबईकडे येणारी एक गाडी मडगाव, लोंढा, मिरज या वाटेने वळवण्यात आली. २३ जुलैला तीच गाडी दूधसागर आणि सोनालीम यांच्या दरम्यान दरडीत सापडली. इंजिन आणि पहिला डबा घसरला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. आधीच्या दोन दिवसांत कसारा आणि बोरघाटातही दरडी आणि पाणी यांनी वाहतूक विस्कळीत झाली होती, आणि चिपळूणजवळ महामार्गावरील वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचा भाग वाहून गेला होता. सगळ्या वाटा एकाच सह्याद्रीच्या अंगाखांद्यावरून जातात आणि त्यांच्यावर एकाच ढगातले पाणी पडते. ‘एक दुवा तुटण्याची शक्यता शंभरात दोन, दुसराही तुटण्याची शंभरात दोन, म्हणून दोन्ही एकदम तुटण्याची दहा हजारांत चार’ हा गुणाकार ते खंड परस्परांशी असंबद्ध असतील तेव्हाच खरा असतो. इथे तो करणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे आहे.

प्रश्न (सावंतवाडी): मार्ग दुहेरी केला तर हे सगळे संपेल असे आम्हाला सांगितले जाते. शिवाय वैभववाडी–कोल्हापूर मार्ग झाला तर फायदा होईल का?

उत्तर: दुहेरीकरणाने बरेच काही साधते, पण आपण म्हणता ते नाही. रोहा ते वीर हा सुमारे ४६ किलोमीटरचा भाग ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी झाला. अशा भागात एखादे इंजिन बंद पडले किंवा एका रुळाची देखभाल करायची असली तर दुसरा रूळ मोकळा राहतो. दरडीच्या बाबतीत मात्र दोन्ही रूळ त्याच डोंगराच्या त्याच कुशीत असतात. ती कोसळताना पहिला आणि दुसरा असा भेद करत नाही. एकाच खाचेतले दोन रूळ म्हणजे क्षमता दुप्पट, पण वाट एकच.

त्या मानाने नव्या क्रॉसिंग स्थानकांचे, म्हणजे एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना जिथे ओलांडतात त्या स्थानकांचे, काम कमी दिसते आणि अधिक उपयोगी पडते. कडवई, वेरवली, खारेपाटण, आचिर्णे अशी स्थानके वाढल्याने दोन स्थानकांतील अंतर घटले. मार्ग बंद होतो तेव्हा गाड्या बोगद्याच्या तोंडाशी किंवा जंगलात न अडकता कुठल्यातरी फलाटाशी थांबण्याची शक्यता वाढते, आणि मार्ग सुरू झाल्यावर तुंबलेल्या गाड्या लवकर निपटतात.

वैभववाडी–कोल्हापूर मार्गाचे गणित मला मनापासून आवडते, म्हणून ते सविस्तर सांगतो. साध्या कड्याचा नियम असा की एक तुकडा तुटला तर सर्व स्थानके जोडलेली राहतात, पण कोणतेही दोन तुटले की कड्याचे दोन भाग होतातच. कड्याला मधून एक आडवी रेघ जोडली की वैभववाडी ते मिरज अशा तीन वाटा होतात: उत्तरेकडून चिपळूण, पनवेल, पुणे, दक्षिणेकडून सावंतवाडी, मडगाव, लोंढा, आणि मधली कोल्हापूरची. मग दोन खंड पडले तरी ते दोन्ही एकाच वाटेवर असतील तेव्हाच काही स्थानके तुटतात. चिपळूण उत्तरेच्या वाटेवर आणि दूधसागर दक्षिणेच्या, म्हणजे २०२१ चे हे दोन खंड कागदावर तरी जाळे तोडू शकले नसते. सावंतवाडीहून वैभववाडी, कोल्हापूर, मिरज, पुणे असे जाता आले असते.

कागदावर, असे मी म्हटले. कारण त्याच दिवसांत पंचगंगेच्या पुरामुळे कोल्हापूर–मिरज रेल्वे वाहतूकही थांबली होती. तेव्हा आडवी रेघ हवी हे माझे मत कायम आहे, विशेषतः तळकोकणासाठी. पण तिचा हिशेब कोरड्या महिन्यांतील नकाशावर न करता त्या आठवड्यातील पावसावर केला पाहिजे. पेडणे बोगदा, खेडजवळच्या दिवाणखवटीची दरड आणि मंगळुरू–हासन मार्गावरची एडकुमेरीची दरड हे तिन्ही खंड जुलै २०२४ या एकाच महिन्यातले आहेत, हेही त्याच हिशेबात धरावे.

प्रश्न (स्टॉकहोम): नोकरीनिमित्त मी इथे राहतो. स्वीडन आणि नॉर्वेच्या उत्तर भागातही रेल्वेची एखादीच रेघ आहे. तिथला अनुभव आपल्याला लागू पडतो का?

उत्तर: बराचसा पडतो. स्वीडनमधील किरुना ते नॉर्वेतील नार्विक बंदर या लोहखनिजाच्या मार्गावर डिसेंबर २०२३ मध्ये मालगाडी घसरली. रूळ बऱ्याच लांबीवर उखडले गेले, वर उत्तर ध्रुववृत्तापलीकडची थंडी आणि अंधार, आणि मार्ग फेब्रुवारीपर्यंत, दोन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिला. सुरू झाला आणि काही दिवसांतच पुन्हा एक गाडी घसरली. तिथे प्रवासी थोडे, पण खाणीचा माल बंदरापर्यंत नेण्याचा दुसरा परवडणारा उपाय नव्हता. खनिज खाणीशी साठत गेले. मालवाहतुकीत नाजूकपणाचे मोजमाप अशा साठ्यावरूनही करता येते: बंदरात किती दिवसांचा माल शिल्लक आहे आणि खाणीशी किती दिवसांचा माल रचून ठेवायला जागा आहे. प्रवाशाला असे साठवून ठेवता येत नाही.

नॉर्वेतील उदाहरण पर्यायी वाटेविषयी आहे. ऑगस्ट २०२३ मधील ‘हान्स’ वादळाच्या पुराने रिंगेबू येथील रांडक्लेव्ह पूल कोसळला आणि ऑस्लो ते ट्रॉनहाइम हा मुख्य मार्ग तुटला. रोरोसवरून जाणारी दुसरी वाट होती, पण तिच्यावर विजेच्या तारा नाहीत, त्यामुळे डिझेल इंजिने जमवावी लागली आणि थोड्याच मालगाड्या नेता आल्या. पूल पुढच्या वर्षी मे महिन्यात पुन्हा सुरू झाला. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले आहे. डिझेल इंजिने हाताशी किती ठेवायची हा प्रश्न त्यामुळे आपल्याकडेही आता विचारण्याजोगा झाला आहे.

प्रश्न (पुणे): दाट जाळे असलेल्या देशांत तरी ही काळजी नसेल ना?

उत्तर: असते. १२ ऑगस्ट २०१७ रोजी जर्मनीतील राश्टाट येथे रुळांखाली बोगदा खणताना जमीन खचली आणि ऱ्हाइन खोऱ्यातील मुख्य मार्ग २ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला. युरोपातील अत्यंत वर्दळीचा मालवाहतूक मार्ग तो. जाळे दाट, पण काही पर्यायी मार्गांवर नेमकी तेव्हाच कामे चालू होती, आणि फ्रान्समधून जायचे तर तिथली भाषा आणि नियम जाणणारे चालक पुरेसे नव्हते. म्हणजे वाटा होत्या, पण वापरता येतील अशा फार थोड्या.

प्रश्न (कणकवली): पावसाळी वेळापत्रकात रोजचा उशीर आधीच धरलेला असतो. दरड एखाद्याच दिवशी पडते. त्यासाठी चार-साडेचार महिने सगळ्यांनी उशीर का सोसावा?

उत्तर: कारण दरड कोणत्या दिवशी पडेल हे आधी कळत नाही. हे वेळापत्रक पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असे, २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे आखडले गेले. वेग कमी असला की समोर माती दिसल्यावर गाडी थांबवायला अंतर मिळते. आपण रोज थोडा उशीर देऊन एखाद्या दिवसाचा मोठा अनर्थ टाळतो.

हा उशीर कमी करता येईल का, हा आपल्या प्रश्नाचा चांगला भाग आहे, आणि तो आता थोडाफार साधतो आहे. मार्गावर पर्जन्यमापक बसवलेले आहेत. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रणा आहे. पानवल पूल तसेच मांडवी, जुवारी आणि शरावती या पुलांवर वारा मोजला जातो. या नोंदी जितक्या बारीक आणि वेळेवर मिळतील तितकी वेगमर्यादा सरसकट संपूर्ण मार्गावर आणि संपूर्ण मोसमात लावण्याऐवजी ज्या तुकड्यावर, ज्या तासांत मुसळधार पाऊस आहे तिथेच लावता येईल. मात्र डोंगर पाऊस थांबल्यानंतरही काही काळ पाणी धरून राहतो आणि उघडीप झाल्यावरही सरकतो, त्यामुळे आकाश मोकळे दिसले की लगेच वेग वाढवा ही मागणी गँगमन मान्य करणार नाही, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही केली नसती.